सीलबंद नमुना

मंगला : आपल्या सिंधूचं लग्न झालं सोळा सालच्या मार्गशीर्षात, नोटा बंद झाल्या त्या धांदलीत. आता सतराचे गणपती येऊन गेले. जावई घरातला झाला, आणि तुमची वेबसाइटची कमिटी अजून पहिल्या चहावर आहे.

विनायक : खरेदी ही खरेदीसारखीच करायची असते, मंगला. कारखान्यात साधा व्हॉल्व्ह घ्यायचा म्हटला तरी आम्ही...

मंगला : वर्ष लावायचात. माहीत आहे. व्हॉल्व्ह गेटातून आत यायचा तेव्हा मशीन भंगारात निघालेलं असायचं.

विनायक : तसं एकदाच झालं.

मंगला : आम्हाला एकदाच कळलं. वैजू, सांग गं तुझ्या सासऱ्यांना, प्रमिलाबाई काय म्हणाल्या ते.

वैजयंती : बाबा, सिंधूताईच्या आतेसासूबाई नाहीत का, सिंगापूरच्या? त्यांच्या मुलीचं लग्न डिसेंबरमध्ये आहे, पुण्याला. ताईच्या लग्नात आईंनी केलेल्या रुखवताचे त्यांनी खूप फोटो काढले होते. सुपारीचे भटजी, खोबऱ्याची तुळस, आणि तुमच्या कारखान्यातल्यासारखं ते साखरेचं टर्बाइन. तसंच पूरा रुखवत त्यांना आपल्याकडून हवंय. पण व्याह्यांना दाखवायला ढंगाची वेबसाइट पाहिजे म्हणतात. दसऱ्यापर्यंत लिंक गेली तर काम आपलं. नाही तर त्या पुण्यातच कोणाला तरी देऊन मोकळ्या होणार.

मंगला : माझं आयुष्यातलं पहिलं मोठं काम आहे ते. एवढंच लक्षात असू द्या.

विनायक : दसऱ्याला अवकाश आहे. तीन पार्ट्यांची चौकशी पूर्ण झाली. मनोहर हिशेब खात्यात होता, तो दर बघेल. दिलीप इन्स्पेक्शनला होता, तो दर्जा बघेल. मी अध्यक्ष.

वैजयंती : पार्ट्या नाहीत त्या, बाबा. त्यातली दोन तर सॉफ्टवेअर आहेत. वेबसाइट बनवायची.

विनायक : तेच ते. पार्टी 'अ'. फुकट देते. म्हणजे संशयास्पद.

वैजयंती : सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते ठेवायला इंटरनेटवर जागा आपण भाड्यानं घ्यायची. मग ते तिथं बसवायचं, डिझाइन वेगळं शोधायचं, आणि बिघडलं की आपणच निस्तरायचं.

मंगला : म्हणजे विटा फुकट, प्लॉट आपला आणि गवंडीही आपणच.

वैजयंती : एकदम सही, आई!

विनायक : पार्टी 'क'. इथलंच, भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातलं ऑफिस. सगळं हातानं करून देतात. भारदस्त माणसं वाटली, एसी होता.

वैजयंती : त्यांनी आजवर फक्त कोचिंग क्लासवाल्यांच्या साइट्स केल्यात. आपल्या रुखवतावर पण पहिल्या नंबरात आलेल्या पोरांचे फोटो लावतील. बाबा, आपल्याला 'ब' घ्या ना. महिन्याचं भाडं आहे, पण जागा, डिझाइन, सगळं त्यातच येतं. फोटो उचलायचा, पाहिजे तिथं सोडायचा, झालं काम. मोबाइलवर पण नीट दिसतं. लोक मोबाइलवरच बघतात.

विनायक : 'ब'बद्दल माझंही मत अनुकूल आहे. त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार चालू आहे. श्री. ॲलेक्स म्हणून अधिकारी आहेत. काय तत्पर माणूस! इकडे मी मेल पाठवली, तिकडे उत्तर हजर. 'आपण लिहिल्याबद्दल आभारी आहोत. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' सबंध नोकरीत मला एका पार्टीनं असं लिहिलं नाही.

वैजयंती : बाबा, ते मशीन आहे. आपोआप उत्तर देतं ते. ॲलेक्स-बिलेक्स कोणी नाहीये.

विनायक : मशीन? मी दर कमी करा म्हणून पाच वेळा लिहिलं. पाचही वेळा तितक्याच नम्रतेनं उत्तर आलं.

मंगला : तेच उत्तर?

विनायक : शब्दशः. म्हणजे माणूस आपल्या म्हणण्यावर ठाम आहे.

मंगला : बरं, ठाम तर ठाम. आणि वर नाव काय यायचं?

विनायक : तो विषय कमिटीपुढे आहे. माझा प्रस्ताव असा : 'देशकर एंटरप्रायझेस'. खाली, प्रोप्रायटर वि. पां. देशकर, निवृत्त वरिष्ठ खरेदी अधिकारी.

मंगला : साखरेचा पाक कोण करतं?

विनायक : तू.

मंगला : पोळतं कोणाला?

विनायक : तुलाच पोळतं. पण गिऱ्हाइकाला नाव वजनदार लागतं.

मंगला : क्वार्टरच्या पाटीवर तुम्ही होतात. इथं सोनागिरीत घर बांधलं, फाटकावर तुम्ही. बँकेत आधी तुम्ही. सिंधूच्या पत्रिकेत तुम्ही ठळक आणि मी नुसती 'सौ.' अख्ख्या टाउनशिपनं मला परचेसवाल्या देशकरांच्या मिसेस म्हटलं, मीही वळून बघत आले. या वेबसाइटवर 'मंगला देशकर' येईल. दुसरं काही येणार असेल तर मला वेबसाइट नको, प्रमिलाबाई नकोत, आणि उद्यापासून तुमच्या कमिटीला चहा नाही.

विनायक : चहाचा इथं काय संबंध?

मंगला : दुसरं काय चालतं तिथं?

वैजयंती : आई, बाबा, भांडण नंतर. मी 'ब'ची ट्रायल सुरू केलीये कालपासून. दोन आठवडे फुकट वापरून बघायचं असतं. आईंचे सगळे फोटो चढवले, पहिलं पान तर जवळजवळ तयार आहे. या रविवारपर्यंत...

विनायक : थांब. फुकट वापरायला दिलंय?

वैजयंती : हो. ट्रायल.

विनायक : म्हणजे नमुना झाला तो. नमुन्याला हात लावायचा नसतो, वैजयंती! नमुना आला की सील करायचा. कमिटीनं पाहायचा, शेरा द्यायचा, मंजुरी घ्यायची, मग वापर. निर्णयाच्या आधीच वापरलास तर बाकीच्या पार्ट्यांवर अन्याय होतो. उद्या कोणी आक्षेप घेतला तर?

मंगला : कोण घेणार? ॲलेक्स?

विनायक : तो पासवर्ड माझ्याकडे दे. निकालापर्यंत नमुना माझ्या ताब्यात राहील.

वैजयंती : आई, बघा ना! फालतूमध्ये दिवस जातील.

विनायक : येत्या सोमवारी निकाल. शब्द देतो.

मंगला : देऊन टाक गं. रिटायर झाल्यापासून त्या खुर्चीत बसायला त्यांना काही मिळालेलं नाही. एका सोमवारपर्यंत बसू दे.

*

वैजयंती : बाबा, पासवर्ड! तो सोमवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. परवा दसरा आहे.

विनायक : सोमवारी दिलीपच्या दाढेचं काम निघालं. कोरम झाला नाही. पण आज बसलो. एकमतानं पार्टी 'ब'. मनोहरची सही झाली, दिलीपनं शेरा मारला, 'नमुना समाधानकारक'.

मंगला : उघडून पाहिला?

विनायक : बाहेरून पाहिला.

मंगला : बाहेरून म्हणजे कुठून?

विनायक : वैजयंतीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला होता, तो.

वैजयंती : अरे बाप रे. बाबा... हे बघा. 'आपली ट्रायल संपली आहे.' काल संपली. आत काहीच नाहीये. आई, पहिलं पान गेलं. फोटो गेले. सगळं साफ!

विनायक : असं कसं? सील तर शाबूत होतं.

मंगला : शाबूतच होतं हो. डब्याला झाकण घालून ठेवलं तरी आतलं नासतं. मला हे लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं. तुम्हाला नोकरीभर नाही कळलं?

विनायक : मी आत्ताच्या आत्ता श्री. ॲलेक्सना लिहितो.

मंगला : लिहा. आभारीच असतील ते.

विनायक : गेली मेल. ... उत्तर आलंसुद्धा.

मंगला : काय म्हणतात?

विनायक : आपला प्रश्न त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे.

मंगला : हसू नकोस, वैजू. फोटो मुळातले आहेत ना तुझ्याकडे?

वैजयंती : फोनमध्ये आहेत. पण पैसे भरून सगळं पहिल्यापासून बसवावं लागेल.

मंगला : भर पैसे आणि बस. आज-उद्या स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. हेमंत शिफ्टवरून आला की पिठलं-भात खाईल, त्याचे वडीलही खातील.

विनायक : पण मंजुरीचं पत्र अजून टाइप व्हायचंय.

मंगला : मी मंजूर केलं.

विनायक : तू कोण मंजूर करणार?

मंगला : मालक.

विनायक : बरं. मालक. पण भाडं भरायला कार्ड लागतं, आणि ते माझ्या नावावर आहे.

मंगला : ते तुमच्या पाकिटातच असू द्या. हे घे गं माझं.

विनायक : हे कुठून आलं?

मंगला : जवाहर चौकातल्या बँकेत खातं उघडलं, श्रावणात. माझ्या एकटीचं.

विनायक : मला न विचारता?

मंगला : तीन बँकांकडून कोटेशनं मागवली नाहीत, म्हणून एका सकाळीत झालं.

वैजयंती : आई, नाव लिहायची चौकट आलीये. टाकू?

विनायक : निदान खाली कुठं तरी. बारीक अक्षरांत. 'मार्गदर्शन : वि. पां. देशकर'. उन्हाळ्यापासून मी या कामात किती दिवस घातले, मंगला!

मंगला : घातले नाहीत, घालवले. वैजू, टाक. मंगला देशकर. अक्षर मोठं घे.

*

वैजयंती : बघा आई, दसऱ्याच्या दिवशी शकुन झाला! सकाळी लिंक पाठवली, आत्ता प्रमिलाबाईंचा फोन. व्याही एकदम खूश. काम आपल्यालाच.

मंगला : खरं सांगतेस?

वैजयंती : टर्बाइन दोन हवीत म्हणाल्या. एक व्याह्यांना घरी न्यायला.

विनायक : लेखी दिलंय का त्यांनी?

मंगला : सोनं घ्या, आणि गप्प बसा.

विनायक : मी आपलं नियमाचं बोललो. ... मंगला, ते पान मलाही उघडून दाखव की जरा.

मंगला : आता सील नाही त्याला. उघडा तुमचं तुम्ही.

विनायक : कुठं दाबायचं?

(सोळा महिन्यांनंतर. तेच घर. सासू आणि सून दोघीच.)

वैजयंती : आई, नागपूरहून परत विचारलंय. बावीस तारखेचं लग्न आहे, रुखवत मिळेल ना म्हणून. इंदूरचेही दोघं थांबलेत. काय सांगू?

मंगला : तेरावं होईपर्यंत पाक चढणार नाही, हे सांग. सुतकात लग्नाच्या वस्तूला हात लावत नाहीत.

वैजयंती : एकेकाला किती सांगत बसू? रोज नवीन माणूस विचारतो. साइटवर एक पट्टी लावता येते. 'काही कारणास्तव काम बंद आहे' असं लिहू?

मंगला : काही कारणास्तव म्हणजे? साखर संपली म्हणतील लोक.

वैजयंती : मनोहरकाका म्हणत होते, 'देवाज्ञा झाली' लिहा, 'कैलासवासी' लिहा. मजकूर तेच करून देणार आहेत. दिलीपकाकांना दाखवून.

मंगला : त्यांना चहा दे आणि घरी पाठव.

वैजयंती : आणि आई, ही पट्टी सगळ्यात वर येते. तिला खाली सरकवता येत नाही. मतलब, तुमच्या नावाच्याही वर दिसेल.

मंगला : दिसू दे.

वैजयंती : बरं. सांगा, मी लिहिते.

मंगला : रुखवताचं काम सतरा तारखेपासून सुरू होईल, हे शेवटी लिही. त्याच्या आधी लिही, विनायक पांडुरंग देशकर रविवारी, तीन फेब्रुवारी दोन हजार एकोणीस रोजी सकाळी, भोपाळला, राहत्या घरी वारले.