आरशाच्या पेटीतून दिसलेले डावे दार

पुरवणी जबाब

नाव व राहण्याचा पत्ता कालच्या जबाबात लिहून घेतला आहे तोच. वय त्रेसष्ट वर्षे. धंदा कॅमेरा-दुरुस्ती. बाजारात मला भिंगकाका म्हणतात व त्या नावाने पत्र आले तरी मला पोहोचते.

मी आज गुरुवारी, कोणी बोलावले नसताना, समक्ष हजर राहून सांगतो की, काल चौकीत याच टेबलासमोर मी दिलेल्या जबाबातली एक गोष्ट चुकीची आहे. तिच्यामुळे माझे साडू, धंदा पुस्तकबांधणी, यांना काल चौकशीला बोलावले व आज सकाळपासून ते बाहेरच्या बाकावर बसून आहेत. ते चोर नाहीत.

माझे दुकान पहिल्या मजल्यावर आहे. रस्त्यापलीकडे वाचनालयाची इमारत आहे. तिच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शेजारी शेजारी दोन दारे आहेत. दोन्ही एकाच हिरव्या रंगाची, पाटी एकावरही नाही. माझ्या खिडकीतून पाहता डावे दार साडूंच्या बांधणीकामाच्या खोलीचे. उजवे वाचनालयाच्या अडगळीच्या खोलीचे, व ते उघडलेले मी कित्येक वर्षांत पाहिलेले नाही.

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा रिफ्लेक्स जोड तपासत होतो. "जोड म्हणजे काय, थोडक्यात सांगा," असे अंमलदार साहेब म्हणाल्यावरून सांगतो. बाईंचा कॅमेरा जुना, रेंजफाइंडर जातीचा आहे. त्यात फोटो काढणारा लेन्समधून बघत नाही, बाजूच्या छोट्या खिडकीतून बघतो. घरच्या मंडळींचे फोटो त्यात उत्तम येतात. पण लांबचा पक्षी किंवा नाकासमोरचा किडा टिपायचा तर ती खिडकी काही कामाची नाही. म्हणून कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची एक पेटी निघाली. तिच्यात तिरपा आरसा असतो. लेन्सला जे दिसते ते तो वरच्या काचेवर टाकतो. काय पेटी आहे, साहेब! "थोडक्यात," असे साहेब पुन्हा म्हणाले.

त्या काचेवरचे चित्र बघायला दोन तऱ्हेचे डोळे मिळतात. एक लोलकाचा, म्हणजे पैलूदार काचेचा. तो लावला की समोर बघायचे, चित्र जसेच्या तसे दिसते. दुसरा उभा. त्यात मान खाली घालून वरून बघायचे. त्यात माणसाचे डोके वर आणि पाय खालीच दिसतात, पण डावे उजवीकडे जाते व उजवे डावीकडे. हे मी चाळीस वर्षे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो आहे. एकदा सांगून समजले नाही तर आवाज चढवूनही सांगितले आहे.

मंगळवारी मी लांब पल्ल्याची लेन्स लावून पेटी समोरच्या गॅलरीवर रोखली होती. एक पाठमोरा माणूस, खांद्यावर जाड पुस्तकांचा गठ्ठा, डाव्या दाराने आत गेलेला मला दिसला. मी मान वर केली तोवर दार लागले होते. बुधवारी सकाळी वाचनालयात ओरड झाली की जुन्या वर्तमानपत्रांचे बारा बांधीव खंड कपाटातून नाहीसे झाले. मी काय पाहिले ते साहेबांनी मला तीनदा विचारले व तिन्ही वेळा मी डावे दार म्हणालो. त्यावरून वाचनालयाने साडूंकडचे सगळे काम परत मागवले. त्यांचे निम्म्याहून जास्त काम तिथलेच असते.

साडू व मी तीन वर्षे एकमेकांशी बोलत नाही. त्याचे कारण असे की, माझी दुरुस्तीची टिपणवही त्यांनी बांधून दिली तेव्हा कडा सारख्या करताना समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या नोंदी कापून टाकल्या. वही देखणी झाली. स्क्रू किती फेरे सैल करायचा ते मात्र कात्रणांबरोबर गेले. मी बोललो, तेव्हा ते म्हणाले, "समास काय लिहायला असतो?" तेव्हापासून आमच्या बायका, ज्या सख्ख्या बहिणी आहेत, त्याच काय ते निरोप इकडून तिकडे करतात.

काल घरी गेल्यावर पत्नीने माझे ताट वाढले व म्हणाली, "चोर घुसवायला तुम्हाला दुसरं दार मिळालं नाही का?" नंतर ती बहिणीकडे निघून गेली. ती अजून परत आलेली नाही.

आज सकाळी दहा वाजता शिक्षिकाबाई दुकानात आल्या. त्यांनी पेटीत वरून डोळा लावला व गॅलरीच्या कठड्यावरच्या कबुतरामागे कॅमेरा फिरवू लागल्या. "अहो भिंगकाका, हे चाललंय कुठे? मी इकडे वळते तर ते भलतीकडेच पळतं!" मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणालो, "बाई, वरून बघताय ना? डावं-उजवं उलटं दिसतं. कितीदा सांगायचं?" एवढे बोललो आणि मी खण उघडून पाहिला. बाईंचा लोलक सोमवारपासून माझ्या खणात आहे. त्याचा सांधा उकलला होता, तो चिकटवून मी सुकत ठेवला आहे. म्हणजे मंगळवारी मीही वरूनच पाहिले होते. माझ्या स्वतःच्या पेटीला कायम लोलक असतो, त्या सवयीने मी दिसले ते तसेच धरून चाललो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी हे बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग उभे काय राहिलात? पळा! दुकान मी बघते."

मी पेटीसह येथे आलो. दारावरचे हवालदार म्हणाले, "काल डावं, आज उजवं. उद्या म्हणाल छपरातून गेला." म्हणून मी पेटी टेबलावर मांडली, हवालदारांना समोर उभे करून उजवा हात वर करायला सांगितले आणि साहेबांना वरून बघण्याची विनंती केली. साहेब म्हणाले, "डावा हात कशाला वर केलास रे?" त्यानंतर कोणी हसले नाही. साहेबांनी लगेच हवालदारांना वाचनालयात पाठवले.

हवालदार पाऊण तासाने परत आले. उजव्या दाराच्या खोलीत बाराही खंड फळीवर रचून, वर कापड घालून ठेवलेले मिळाले. एकही ओला नाही. वाचनालयाच्या शिपायांना फोन लावला. कपाटावरचा नळ गळू लागला म्हणून त्यांनीच मंगळवारी ते हलवले होते, व बुधवारी पहाटे मुलीच्या बाळंतपणासाठी गावाला जाण्याच्या गडबडीत कोणाला सांगायचे राहिले. त्यांना आधी वाटले की फोन अभिनंदनाचा आहे. त्यांना नात झाली आहे. साहेबांनी अभिनंदन केले. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी साडूंकडचे काम परत आणायला निघालेला माणूस थांबवला असे हवालदारांनी सांगितले.

आणखी एक सांगायचे आहे. साहेबांचे म्हणणे पडले की याची जबाबात गरज नाही, पण मी आग्रहाने लिहायला सांगत आहे. काल डावे दार म्हणताना मला बरे वाटले होते. माणूस पाठमोरा होता, काचेच्या कडा धुरकट होत्या, आणि एरवी मी एका स्क्रूसाठी दहादा तपासणारा माणूस आहे. काल मी एकदाही तपासले नाही. ती चूक आरशाची नाही. मला त्याची लाज वाटते.

जबाब वाचून दाखवताना साडूंना आत बोलावले होते. शेवटच्या परिच्छेदापाशी साहेबांनी मला विचारले, "हे ठेवायचं की खोडायचं? विचार करा, कागदावर कायमचं राहील." मी तोंड उघडण्याआधी साडू म्हणाले, "राहू द्या, साहेब. आणि साडूभाऊ, सही करा लवकर. दोघी कालपासून जेवल्या नाहीत."

हा जबाब मला साडूंच्या देखत मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, त्यातले काही खोडलेले नाही, व तो खरा आहे.