जहाज वळलं तेव्हा

(इलोइलो. डेल्फिनच्या भरपाईच्या दाव्याचा निकाल लागला त्या दुपारी, त्याच्या घरी.)

नेनिता : बाचॉयचं सूप निवलं तर गरम करून देईन, सेवेरोदादा. आधी सांगा, मघाशी काय म्हणालात? अख्खं जहाज वळवलं?

सेवेरो : मग! कंटेनरांनी गच्च भरलेलं. तुमच्या चर्चपासून पार बाजारापर्यंत लांब.

नेनिता : ह्या एकट्यासाठी?

डेल्फिन : माझ्याकडे काय बघतेस? कंटेनर आवळताना लोखंडी दांडा पाठीत बसला, एवढंच आठवतं. डोळे उघडले ते कोलंबोच्या दवाखान्यात.

सेवेरो : कंपनी म्हणत होती, थांबू नका, दवाखान्याचं सुएझच्या पुढे बघू. फोन नुसता कोकलत होता. कप्तानानं शेवटी रिसीव्हर काढून ठेवला.

नेनिता : आणि सुनावणीत कंपनीवाले म्हणतात, इंजिन बिघडलं म्हणून कोलंबोला गेलो! ह्याची पाठ म्हणे आधीपासूनच दुखरी!

सेवेरो : म्हणून तर सेबूहून साक्षीला आलो, वहिनी. इंजिन ठणठणीत होतं.

डेल्फिन : त्यांच्या वकिलानं आमच्या ह्या सारंगाला, सेवेरोला विचारलं, "तुम्हाला पुन्हा जहाजावर जायचं नाही वाटतं?"

नेनिता : अगंबाई! मग?

डेल्फिन : हा म्हणतो, "जायचंय. उद्या तिथं मी पडलो तर? म्हणूनच खरं सांगतोय."

नेनिता : आता कोण देईल हो तुम्हाला काम?

सेवेरो : भावाची होडी आहे, मासे काय पळून जातात? ते सोडा. ह्याला भरपाई मिळाली, पाठीचा इलाजही त्यांच्याच खर्चानं. झालं तर!

नेनिता : पण वळताना भीती नव्हती?

सेवेरो : होती ना. लाटा आडव्या बसतात तेव्हा. कप्तानानं आम्हाला गोळा केलं. म्हणाला, "जहाज कलंडेल, कंटेनर सुटतील, काहीही होईल. कुणाला नको असेल तर आत्ताच बोला."

डेल्फिन : कोण बोललं?

सेवेरो : आचारी उठला. आम्हाला वाटलं, हा बोलणार. त्यानं जाऊन चूल विझवली, हेलकाव्यात कुणी भाजू नये म्हणून उकळतं सूप ओतून टाकलं. मग ज्यांच्या हाताला काम नव्हतं ते सगळे तुझ्या खाटेला धरून बसले.

डेल्फिन : मला कुणी सांगितलंच नाही रे.

सेवेरो : त्यात सांगायचं काय?

नेनिता : दादा, त्या सगळ्यांची नावं सांगा. सावकाश सांगा, मला पाठ करायचीत.