हळदीच्या गाण्यांची एकच डिस्क

हॅलो?… हो, मीच… मीच बोलून राहिलो, तुझा बाबा. आवाज असा येते का?… नाही, नाही, रडत नाही. खाली बसलो आहे, डिस्क भरायच्या मशीनपाशी. फोनची वायर ताणून इथपर्यंत आणली, म्हणून वाकून बोलावं लागते.

आधी आई कशी आहे ते सांग, वर्षाली… हो… हो… नाकातल्या नळीतूनच?… पाणी की दूध?… बरं. अन् ताप?… नाही ना. बरं.

मी पोचलो ना दुपारीच. अकोल्याची एस.टी. अमरावतीले वेळेवर आली, कधी नाही ती… जेवलो… अगं जेवलो म्हणतो ना. शेजारच्या जाईबाईनं पोहे दिले… खाल्ले. अर्धे खाल्ले.

डिस्क?… आहे ना. समोरच आहे… नाही, लावली नाही अजून. म्हणजे… लावली होती. काम सुरू आहे. तू आईले सांग, काम सुरू आहे.

काहून ओरडून राहिली?… मी कुठं काय लपवतो!… ऐक ना… ऐक… तू आईजवळच उभी आहे का? मोबाईल घेऊन व्हरांड्यात ये आधी… आली?… दार लोटलं?

चालत नाही, बाई.

डिस्क चालत नाही. आत टाकली की मशीन घरघर करते, घरघर करते, अन् मग काचेवर लिहून येते, ‘चेक डिस्क’. काढतो, पुन्हा टाकतो. पुन्हा तेच… हो, सरळच टाकली. उलटीही टाकून पाहिली, खोटं काहून बोलू.

दुसरी? दुसरी कुठून आणू? ऑपरेशनसाठी अकोल्याले निघायच्या आदल्या दिवशी एकदाच तर गायली ती. किती दम लागत होता, मधे मधे पाणी पीत होती. तुझ्या हळदीची सगळी गाणी, एका बैठकीत. आता परवा डॉक्टरनं गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकली. आता कोण गाणार दुसरी?… हो, तुले माहीत आहे. मी तुले नाही सांगत, मी मलेच सांगून राहिलो.

गल्लीतल्या एकूण एक पोरीची हळद गायली तिनं. अन् घरच्या पोरीच्या हळदीले… बरं, नाही बोलत. नाही बोलत.

कॅसेटवर?… जाईबाईही तेच म्हणत होती. कॅसेटवर भरा, काका, जुनं ते बरं. मीच म्हटलं नाही. कॅसेट घासते, ही शंभर वर्षं टिकते. पुस्तकात लिहिलं आहे तसं, मशीनसोबत आलेल्या. मी काय करू, जे छापलं ते मले खरं वाटते.

केला ना, जहीरभाईले केला. परतवाड्याले पहिला फोन त्यांनाच. आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतल्या ना मशिनी. त्यांच्या घरी त्यांची बायको चालवते, नसीमबानो. अब्बांच्या साऱ्या कॅसेटी उतरवून काढल्या तिनं, एक डिस्क वाया नाही गेली. मले म्हणते, भाईसाहब, बहुत सीधी मशीन है, बस उसके सामने घबराना मत. … हो, तेच तर. तेवढंच मले जमत नाही.

अन् तिकडे उत्तमराव. अकोल्याचे, तुझ्या मामाचे दोस्त. त्यांचीही हीच मशीन. त्यांच्या डिस्का एकामागून एक गेल्या. आता मशीनवर क्रोशाचा रुमाल टाकून फुलदाणी ठेवली आहे. मले म्हणाले, तुम्ही पण फुलदाणीच घ्या. … दोघंही शहाणी माणसं, कोणाचं ऐकू? मशीन तिकडे चांगली, इकडे वाईट, मग मधे राहिलो मी. माझ्याच हाताले काही तरी आहे, वर्षाली. लायब्ररीतही नवीन टाईपरायटर माझ्याच हातून…

बरं, बरं. काय पाहू?… चरे?… इथं उजेड कमी आहे. खिडकीपाशी नेतो, थांब. वायर पुरत नाही, रिसीव्हर खाली ठेवतो. तू ठेवू नको हं…

हॅलो… वर्षाली… डिस्कवर काही तरी आहे. चकचकीत बाजूवर. पिवळं… हो, पिवळं, अन् त्याच्यावर लाल ठिपका. बोटाएवढा. गंजली का गं? डिस्क गंजते का?… वास?… थांब…

हळद आहे. हळदकुंकू आहे हे!

मी नाही लावलं! मी फक्त डब्बीत घालून देवापाशी ठेवली, सांभाळून. सरळ मशीनमध्ये टाकली आज, पाहिलंच नाही… नाही, जाईबाईजवळ किल्ली नव्हती… तू… तू आईले विचार. हळू विचार हो, तिच्यावर ओरडू नको. … थांबतो. थांबलो आहे.

काय म्हणते?… मान हलवली?… अन् हातानं काय दाखवते?… कपाळाले… गाणारीच्या कपाळाले… हं. हो, बरोबर आहे तिचं. हळदीच्या गाण्याले बसायच्या आधी गाणाऱ्या बाईले हळदकुंकू लावतात. नाही लावलं तर ती तोंड उघडत नाही. रीतच आहे ती. अन् यावेळी गाणार ही डिस्कची थाळी, म्हणून थाळीले लावलं! … अन् चकचकीत बाजूलेच काहून?… तोंड दिसते म्हणून?… हं. जिकडे तोंड दिसते तिकडे कपाळ. यात चूक कुठं काढू मी?

हसू नको… मी नाही हसून राहिलो. तिले हसवू नको, टाके आहेत गळ्याले!

हो, पुसायचं तर आहेच. पण कशानं? पुस्तकात लिहिलं आहे, मऊ कापड, आतून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवू नका. हळदीचं काहीच लिहिलं नाही. जपानी माणसाले काय माहीत, बायका डिस्कले हळद लावतात म्हणून. उत्तमराव म्हणाले होते, डाग असला तर टूथपेस्ट लावा. नसीमबानो म्हणते, फक्त पाणी, अन् रगडू नका. अन् हळद वाळली आहे, वाळल्या हळदीचे कण असतात. एक चरा पडला की… मी पुसतच नाही. जहीरभाईले बोलावतो. उद्या येतील परतवाड्याहून…

आईले देते? अगं, ती बोलणार कशी?… टिचकीनं?… एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. फोनवर बोटानं. … बरं. दे. कानाशी नीट धर, तिचा हात दुखेल.

… हॅलो.

मी बोलतो. … ऐकू येते का?… हं. आली, आली टिचकी. एक.

कशी आहे?… नाही, यात एक-दोन कसं सांगशील. बरी आहे का?… एक. बरं.

आपण फोनवर कधी बोललोच नाही ना. … तू लावलं ते… चांगलं केलं. रागावलो नाही मी. … दोन? अवं, खरंच नाही रागावलो. घाबरलो आहे. … एक. हं, तुले माहीतच आहे.

पुसू का मी?… एक. … माझ्या हातानं?… एक. … टूथपेस्ट?… दोन, दोन. बरं, कळलं, एवढ्या जोरानं नको वाजवू.

चष्म्याचं फडकं ओलं केलं आहे. आधी नुसतं ठेवतो त्याच्यावर, भिजू देतो. … भिजून राहिली. … आता पुसतो. आतून बाहेर. … आतून बाहेर. … कुंकू निघालं. फडकं लाल झालं. … हळदही सुटून राहिली… फडक्याची कोरी बाजू घेतो, थांब जरा. … आहे ना तू?… एक. … आता पाहतो. फिका पिवळा डाग राहिला. अजून घासू?… दोन. नाही. बरं, राहू दे.

टाकतो आत. … गेली. … घरघर करते… ऐकू येते तुले?… करते अजून… मघाशी इथंच थांबून ते लिहून आलं होतं… अवं, आहे ना?… एक. … थांबली. घरघर थांबली. … आकडे! आकडे आले, अवं! गाण्यांचे आकडे आले! ‘चेक’ नाही लिहिलं! … हो, हो, मी ओरडत नाही. आलेत. सगळे आलेत.

आता एक राहिलं, ते नीट ऐक. ही डिस्क अजून पक्की नाही. फक्त आपल्याच मशीनवर वाजते. पक्की करायचं एक बटन आहे, ते दाबलं की कुठंही वाजेल, मांडवातल्या कोणत्याही प्लेअरवर. पण ते काम चालू असताना मधे लाईन गेली, तर सगळंच जाते. उत्तमरावच्या डिस्का तशाच गेल्या. अन् आता दिवेलागणीचं लोडशेडिंग, कधीही जाईल लाईन. … दाबू?… दोन.

मग मांडवात कशी वाजवू?… मशीनच उचलून नेऊ?… एक. … अन् तिथं लाईन गेली तर?… मांडववाल्याचा जनरेटर?… एक. … हो, खरंच की. बटन दाबायचंच काहून? मले हे आधी सुचलंच नाही. पुस्तकात ते बटन आहे म्हणून मले वाटलं, दाबायलाच पाहिजे.

मग… आता वाजवू? ऐकते तू?

… टिचकी नाही आली. ऐकायचं नाही?

… भीती वाटते?

एक. … मलेही.

वाजवू तरी?… एक. बरं. रिसीव्हर स्पीकरपाशी धरतो. माझा आवाज येणार नाही मधे, घाबरू नको…

… ऐकलं?… एक. तिथं खोकली तू, ते राहिलंच त्याच्यात. पण पुढं पाह्य, पुढं आवाज किती मोकळा लागला आहे… थांब, पुढचं लावतो, बोलत नाही…

… गेली. लाईन गेली! पंखाही थांबला… अंधार झाला… नाही, डिस्कले काही नाही झालं. वाजतच होती फक्त. वाजताना गेली तर काही होत नाही. असं पुस्तकात आहे. … आहे ना? … मीच वाचलं अन् मीच तुले विचारतो.

हॅलो?… आहे ना तू? तू बोलत नाही तर मले समजतच नाही फोन चालू आहे की… हं. एक. आहे.

कडवं अर्धंच राहिलं. … काय? एकामागून एक काहून वाजवते?… हे हो की नाही?… ताल?… म्हणजे… मी म्हणू? … अवं, मी पुरुष माणूस, हळदीचं गाणं… जाईबाईच्या खिडकीत ऐकू जाते सगळं… अन् मले सूर आहे का? चाळीस वर्षं लायब्ररीत, मी ‘शांतता राखा’ हेही बोललो नाही कधी, पाटी होती म्हणून. … दोन नाही वाजवत? … एक. बरं.

बरं. अंधार आहे, तर म्हणतो.

‘हळकुंड दळलं गं… पिवळं झालं जातं… पिवळं झालं जातं… लेकीच्या कपाळी… पहिला मायचा हात…’

… बरोबर? … एक. तू वाजवत राहा, म्हणजे मले चालता येते त्याच्यावर.

‘मांडवाच्या दारी गं… पिवळं झालं ऊन… पिवळं झालं ऊन… लेकीची हळद… ओंजळीत जपून…’

पुढं काय आहे? पुढचा शब्द काय?… अवं?… टिचकी थांबवली काहून?… चुकलो का?… हॅलो?… वाजव ना… एकदा वाजव… पार्बता?

… कोण? वर्षाली?… तू काहून रडून राहिली? काय झालं? आई कुठं… झोपली?… कधी?… मशीन वाजत होती तेव्हाच?… मग टिचक्या कोण… तू?… लाईन गेल्यापासून? गाणं म्हणा म्हणून, तेही तूच?

झोपलीच ना? नक्की झोपली?… तू नुसतं पाहून म्हणते, मले माहीत आहे! हात धर, श्वास पाह्य… नाकापुढं नाही, बाई, नाकापुढं आता काही लागणार नाही! गळ्यापाशी धर, ऑपरेशनच्या छिद्रापाशी, श्वास आता तिथूनच घेते ती… धरला?… लागते?… नीट पाह्य, घाई करू नको… सिस्टर कुठं आहे? बोलाव… थांब, आधी हात नको काढू… लागते? ऊब लागते?…

लागते. … बरं. … बरं.

नाही, काही नाही. बसलो आहे मी. भिंतीले टेकून बसलो.

म्हणजे माझं तिनं ऐकलंच नाही. … चांगलं झालं. स्वतःचं ऐकत झोपली, ते चांगलं झालं. … तू ऐकलं. … हो, तुझंच होय ते, तुझ्याच हळदीचं… पुढचं कडवं? पुढचं मले येत नाही, पोरी. खरंच येत नाही. ते मशीनमध्ये आहे.

एका हातानं फोन धरून राहिली का अजून? … मग सोड तो. तो हातही तिथंच असू दे, तिच्या गळ्यापाशी. … मी ठेवतो… नाही, तू नको ठेवू, तू हात नको हलवू. मीच ठेवतो.