आवाज न करणारा चरखा

हॅलो?… हॅलो, कोण?… तू होय. बहिणीची आठवण झाली वाटतं. बोल… नाही, झोपले नव्हते. दुपारची झोप आणि मी, आमचं सध्या बोलणंच बंद आहे… थांब, स्पीकरवर टाकते, हात मोकळे नाहीत… कातत बसलेय, दुसरं काय. खडखड ऐकू येतेय ना?

हं, बोल आता… काय घ्यायचाय?… चरखा?… तुला?… नाही गं, हसत नाहीये. हसायलाही अंगात जोर लागतो… अगं पण शिवणाच्या तासाला नुसती सुई दिसली तरी तुझं पोट दुखायचं, आणि आता लोकर कातणार?… बरं, बरं. हौसेला मोल नाही. माझ्या हौसेचं काय झालं ते बघतेसच.

बाबा?… आहेत ना, समोरच. खुर्चीत… हो, शांत आहेत, कारण चाक फिरतंय. थांबलं की उठलेच… अगं, काल भाजी चिरायला म्हणून उठले मी, तेवढ्यात दार उघडून रस्त्यावर. घरातल्या चपलांवर… कुठे म्हणजे, गिरणीत. उभा जन्म सूतगिरणीत फिटर म्हणून काढला, आवाज बंद झाला म्हणजे कुठलं तरी मशीन बंद पडलं, जाऊन बघायलाच हवं. बाकी सगळं विसरले, तेवढं मात्र डोक्यात पक्कं… कोपऱ्यावरचा दुकानदार हाताला धरून घेऊन आला. म्हणाला, काकांनी माझा फ्रीज तपासला, म्हणाले चालू आहे, पण तेल घाला.

हस तू. तुझं बरंय… नाही, टोमणा नाही मारत. दमलेय गं मी. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार येतो, आता पाय चालू करायचा. आंघोळसुद्धा शेजारीण येऊन बसली तर होते. कोणीतरी चार दिवस यांना सांभाळलं तर मी नुसती भिंतीकडे बघत पडून राहीन… असू दे, सोड. तू विचार चरख्याचं.

हो, हो… अगं ऐक ना. पहिला चरखा आहे तर नक्षीवर जाऊ नकोस. नक्षीत धूळ बसते, बाकी काही नाही. चाक फिरव आणि समोरून नाही, बाजूने बघ. डुगडुगलं की सोडून दे. चपला काढून पायडलवर पाय ठेव… हो, दुकानात. लाज कसली? पाय सोडल्यावर चाक थोडा वेळ आपसूक फिरायला हवं. आणि मुख्य म्हणजे आवाज. खडखडणारा अजिबात घेऊ नकोस, डोकं उठतं. माझ्याकडे बघ… दिसत नाहीये ते कळतंय मला, म्हणायची पद्धत आहे.

आणि जागा कुठे आहे तुझ्या घरात?… खिडकीपाशी? तिथे तुझं टेबल आहे ना?… टेबल काढलं?… आणि पलंग?… अगं, एका चरख्यासाठी अख्खी खोली रिकामी करून बसलीस?… मग कोणासाठी?

काय म्हणालीस?… परत म्हण… थांब, नीट सांग. कोणाला न्यायचंय?

बाबांना. तुझ्याकडे.

…नाही, आहे. ऐकतेय… कधीपासून ठरवलंस हे?… मग आधी सांगायचं ना, बये. मी इथे मनातल्या मनात तुला शिव्या घालतेय, की माझं इथे भुस्कट पडलंय आणि हिला छंद सुचतायत… अगं, या फोनची किती वाट बघितली मी. तोंडाने कधी म्हटलं नाही. तू म्हणायला हवंस असं वाटायचं… नाही, रडत नाहीये. लोकर नाकात जाते.

बरं, कुठला बघितलास?… नवा. बाजूला ठेवायला सांगून आलीस?… काय विशेष आहे त्यात?… अजिबात आवाज करत नाही.

अगं वेडे.

मघाशी मी जे सांगितलं ते सगळं विसर… हो, मीच म्हणाले. ते कातणाऱ्याला सांगितलं. तुला कातायचं कुठाय? तुला बाबांना खुर्चीत बसवायचंय. तो मुका चरखा घेऊन तू तास न् तास पाय हलवत बसशील, आणि बाबा जिना उतरून चौकात पोचलेले असतील… शेजाऱ्यांना त्रास होईल? होऊ दे. सांग त्यांना, वडील आहेत… रेकॉर्डिंग? करून बघितलं. आधी मान डोलावली, मग उठले आणि मोबाईल उलटा करून स्क्रू शोधायला लागले. फिटर आहेत गं ते. खरं-खोटं ऐकूनच कळतं त्यांना.

तर ऐक. दुकानदाराला नाही म्हणून सांग. माझा ने… हाच. जुना, डुगडुगणारा. दुकानात दिसला असता तर मीच म्हटलं असतं, हात लावू नकोस… मला काय करायचाय? पलंगाखाली सुताच्या लडी मावत नाहीयेत. आणि तू धागा तुटू दे, गुंता होऊ दे, सूत जाऊ दे चुलीत. नुसतं चाक फिरतं ठेव. मंदावलं की ते मान वर करतील. तू पाय चालव, परत टेकतील… होईल सवय. पोटऱ्या दुखतील आधी.

हं?… माझी आठवण?… नाही काढणार… अगं, खरंच सांगते. माझं नाव केव्हाच गेलं. मुलगी आहे हेही गेलं. मला ‘बाई’ म्हणतात. मशीनवरच्या बाई. संध्याकाळ झाली की रोज विचारतात, बाई, तुमची बदलीवाली आली नाही अजून?… गिरणीत नसायची का, एकीची शिफ्ट संपली की दुसरी यायची, तशी… मी म्हणते, नाही आली. मग स्वतःच चुकचुकतात… म्हणून सांगते, रविवारी ये, आणि मी उठले की माझ्या स्टुलावर बस. त्यांना मी गेलेली कळणारही नाही… वाटतंय ना. वाईट वाटतंय, आणि झोपही येतेय.

अगं, थांब, थांब. बोलण्याच्या नादात पाय थांबला माझा… बाबा, बसा… बसा, काही बंद नाही पडलं. हे बघा, चालू केलं… हो… हो, कळवलंय. बदलीवाली येतेय रविवारी.

…काही नाही गं… काही नाही म्हणाले… म्हणाले, बरं झालं बाई, फार दमलेल्या दिसता. घरी जाऊन झोपा जरा.

…ठेव आता… नाही, तूच ठेव आधी.