एका चावीची कुलपं

खेळण्यांच्या दुकानात बिलाची रांग काही केल्या हलत नव्हती. नातवासाठी चेंडू घेऊन उभ्या असलेल्या आजींच्या पुढे एक जोडपं होतं. बायकोच्या हातात रंगपेट्यांची चळत, नवऱ्याच्या हातात जड पिशवी. आजींचे कान आपसूक टवकारले गेले.

“अहो, वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून कुलूप कुणी देतं का?”

“लेकीनंच मागितलीयत. वाढदिवस तिचा की तुझा?”

“पाच वर्षांची आहे ती! तिच्या मैत्रिणींच्या आया म्हणतील, कुलूपवाल्याच्या घरी गेलो आणि कुलूप घेऊन आलो.”

“खरंच आहे की मग.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. छान वाटतं. पिशवीतलं हे कुलूप घे, ही चावी. उघड.”

“उघडलं. त्यात काय मोठंसं?”

“आता त्याच चावीनं हे दुसरं उघड.”

“अगंबाई! हेही?”

“सगळीच उघडतात. एकेक कुलूप खोलून आतल्या पिना बदलल्यात मी.”

“अहो, पण मग कुलूप कशाला म्हणायचं त्याला?”

“मीही तिला हेच विचारलं. म्हणाली, बाबा, कुणाची चावी हरवली तर ती रडत बसेल. मग दुसरीनं उघडून द्यायचं.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

“ताई, किती रंगपेट्या?” दुकानदारानं विचारलं.

“एकही नको,” असं म्हणून तिनं चळत बाजूला सारली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आमच्या मुलीचे बाबा कुलूपवाले आहेत.”