आत राहिलेला स्क्रू

अरे, घरी लॅपटॉप उघडायचा विचार असेल तर आधी माझं ऐका. लालबागच्या एका डॉक्टरांसाठी मी पेशंटना औषधांची आठवण करून देणारं ॲप बनवलं होतं. चार वाजता ते दाखवायला जायचं होतं. लॅपटॉप फार स्लो चालतो म्हणून दुपारी मी स्वतःच नवीन रॅम बसवली. बटण दाबलं तर काहीच होईना. ॲपचा सगळा कोड त्यातच होता, कॉपी कुठेही नव्हती.

बाबा गिरणीत फिटर होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "स्क्रू किती काढलेले?"

"मोजले नाहीत."

त्यांनी लॅपटॉप कानाशी धरून हळूच हलवला. "एक आत पडलाय. उघडू?"

तीन वाजून गेले होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. बाबांनी झाकण काढलं, आत अडकलेला स्क्रू चिमट्याने अलगद उचलला आणि सगळं परत बसवलं. मी बटण दाबलं. स्क्रीन उजळली. आधी कोडची कॉपी काढली, मग विचारलं,

"बाबा, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"दाखवली असती तर तू उघडायला दिला असतास?" म्हणाले, आणि घामाने भिजलेले तळहात लेंग्याला पुसत राहिले.