‘म्हणे’ हा शब्द गाळल्याबाबत

दिनांक १२ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.२०

मी सुंदराबाई दादू शेजवळ, वय ६९, शिक्षण चौथी, धंदा आता काही नाही, पूर्वी शाळेत आया, राहणार खोली नंबर १४, समता चाळ, घाटकोपर पूर्व. बोलावलं म्हणून आज पोलीस ठाण्यात स्वतः आले आहे आणि विचारल्यावरून सांगते ते असं की,

वरच्या पत्त्यावर मी एक्केचाळीस वर्षं राहते. माझा नवरा दादू २०११ साली वारला. शेजारी खोली नंबर १५ मध्ये नलिनी चंद्रप्रकाश पेडणेकर राहते. तिनं तक्रार दिली आहे की मी तिच्या मयत नवऱ्याला दारुडा बोलले आणि ते छापून आणलं. मी छापखाना चालवत नाही.

मागच्या नोव्हेंबरात दुपारी चारच्या सुमारास स्वरदा नावाची मुलगी माझ्याकडे आली. मुलुंडला कॉलेजात शिकते. बंद पडलेल्या कारखान्यांवर शोधनिबंध लिहायचाय बोलली. सहीसाठी एक कागद दिला, मग दुसरा, मग तिसरा. एवढे कागद माझ्या लग्नात लागले नाहीत. मग मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तो दोघींच्या मध्ये ठेवला आणि बोलली, ‘आजी, तुमच्याच शब्दांत सांगा हं.’ दीड तास सांगितलं. चहा अर्धा टाकून गेली.

चंद्रप्रकाश एलबीएस रोडवरच्या पत्र्याच्या कारखान्यात होता. माझा नवरापण तिथंच. १४ मार्च १९९६ रोजी पत्र्याचा गठ्ठा उचलताना साखळी तुटली. खाली चंद्रप्रकाश होता, जागीच गेला. कंपनीनं चौकशीत लिहिलं की तो दारू पिऊन नको तिथं उभा होता. मुलीनं अपघाताचं विचारलं तेव्हा मी बोलले, ‘प्यायला होता म्हणे.’ एवढंच. पुढं नळाच्या भांडणाचं सांगितलं, ते तिनं घेतलंच नाही.

८ फेब्रुवारीला सकाळी साडेनऊला नलिनीचा मुलगा राजेश दारात आला. आदल्या दिवशी ती मुलगी चाळीत पेढे आणि निबंध वाटून गेली होती. राजेशनं पान अकरा उघडून दिलं आणि बोलला, ‘मावशी, वाच.’ मी वाचलं. तिथं होतं, ‘चंद्रप्रकाश प्यायला होता.’ खाली माझं नाव, वय, शेजारीण. राजेशनं शिवी दिली नाही, हात लावला नाही. त्यांची एक कढई माझ्याकडे होती, ती उचलून घेऊन गेला. त्या दिवसापासून मी नळावरून परत आल्याशिवाय नलिनी पाण्याला निघत नाही.

१० फेब्रुवारीला मी बसनं कॉलेजात गेले. स्वरदा आणि तिचे मिहिर सर दोघं भेटले. मी विचारलं, ‘माझा म्हणे कुठाय?’ मुलगी बोलली, ‘आजी, बोलताना ना, काय ते, म्हणे असं खूप येतं. वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं साफ केलं.’ मी बोलले, ‘अगं, तांदूळ निवडताना खडे काढतात, तू तांदूळच फेकलेस. प्यायला होता वेगळं आणि प्यायला होता म्हणे वेगळं. तुझ्या घरी मराठी बोलतात की नाय?’

मग सरांनी मागची पानं दाखवली. बोलले, ‘बघा बाई, एकशे बारा संदर्भ आहेत. एक स्वल्पविरामसुद्धा चुकलेला नाही.’ मी बघितलं. पुस्तक कुणाचं, कुठल्या साली, कुठल्या गावात छापलं, पान कितवं, सगळं होतं. एकशे बारा जणांचे मानपान व्यवस्थित, आणि ज्याचा जीव गेला त्याच्या बाबतीत एक शब्द जागेवर ठेवता आला नाही. सर बोलले, ‘तुमचं नाव काढून टाकू, क्ष बाई करू.’ मी बोलले, ‘नाव राहू दे. मी बोलले ते लिहा. तेवढी अक्कल लागते, पुस्तक नाय लागत.’ मुलीनं मोबाईलमधलं माझं बोलणं ऐकवलं. त्यात म्हणे स्पष्ट आहे. सर बोलले, दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू. मुलगी रडायला लागली. मी तिथून निघाले.

हवालदार साहेबांनी विचारलं की म्हणे म्हणजे कोण म्हणे. हे त्या मुलीनंपण विचारायला पाहिजे होतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की नाही, माहीत नाही. आता सांगते.

माझा नवरा दादू त्याच पाळीत होता. चौकशीच्या साहेबानं इंग्रजीत लिहिलं आणि दादूची साक्षीदार म्हणून सही घेतली. वाचून दाखवलं नाही. घरी आल्यावर दादू मला बोलला, ‘तो प्यायला होता असं लिवलंय म्हणे. मी सही केली.’ मी विचारलं, वास आला होता का. बोलला, नाय. साखळीची कडी उघडली होती, आठवडाभर सांगत होतो. दादूची नोकरी पुढं नऊ वर्षं चालली. त्यावर आमची दोन्ही मुलं शिकली. हे मी नलिनीला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

हवालदार साहेब बोलले, ‘आजी, हे लिहिलं तर तुमच्या मिस्टरांवर येतं.’ मी बोलले, लिहा. साहेबांनी लिहिलं, ‘दादू याने सही केल्याचे समजते.’ मी ते खोडायला लावलं. समजते नाही. दादूनं सही केली, मला त्यानं स्वतः सांगितलं, १९९६ साली, मार्च महिन्यात, खोली नंबर १४ मध्ये. चंद्रप्रकाश प्यायला नव्हता.

नलिनी आणि राजेश बाहेर बाकावर बसले आहेत. मी आत येताना नलिनीनं पाय आखडून घेतले. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब माझ्या सांगण्यावरून दार उघडं ठेवून, बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल असा, साहेबांनी मराठीत वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो आहे. एक शब्द गाळलेला नाही.

सही: सुंदराबाई दादू शेजवळ